बर्फाचे घड्याळ

सह्याद्रीतला एखादा गड चढायचा असला की आपण पहाटे का निघतो? ऊन चुकवण्यासाठी. हिमालयात वसंत ऋतूत बर्फाच्या उतारावर जायचे असले, तरीही पहाटेच निघतात. पण त्याचे कारण वेगळे आहे. ते कारण मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. पायांना ते कळले गेल्या एप्रिलच्या अखेरीस, पतालसूच्या उतारावर.

पतालसू हे मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यातले, चार हजार मीटरांहून उंच असे शिखर. शेजारचा हनुमान टिब्बा गिर्यारोहकांना ठाऊक असतो. पतालसूचे नाव फारसे कोणी ऐकलेले नसते. एका दिवसात जाऊन येता येते, म्हणून आम्ही चार मित्रांनी ते निवडले. गावातल्या वाटाड्याने एकच अट घातली. पहाटे तीनला निघायचे आणि अकराला जिथे असू तिथून मागे फिरायचे.

विजेरीच्या उजेडात देवदारांचे जंगल ओलांडून आम्ही बर्फावर आलो, तेव्हा नुकते उजाडत होते. बर्फ इतका कठीण, की बुटाची टाच आपटावी तेव्हा कोठे पाऊल रुते. मी पिशवीतली तापमापी काढली. हवेचे तापमान २ अंश सेल्सिअस! हवा शून्याच्या वर, मग आदल्या दुपारी वितळलेला बर्फ पुन्हा गोठला कसा?

उत्तर डोक्यावरच्या निरभ्र आकाशात होते. प्रत्येक पदार्थ प्रारणाच्या रूपाने उष्णता बाहेर टाकतो. बर्फ आपल्या डोळ्यांना पांढराशुभ्र दिसतो, पण अवरक्त किरणांच्या बाबतीत तो जवळजवळ काळ्या पदार्थासारखा वागतो. म्हणजे ते किरण तो उत्तम प्रकारे बाहेर टाकतो. शून्य अंशाला बर्फाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग सुमारे ३१५ वॅट टाकतो. निरभ्र आकाशाकडून त्याला परत मिळते ते बरेच कमी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात दव गोठते, तेही याच कारणाने.

आता थोडे गणित करू. समजा, निव्वळ तोटा ७० वॅटचा आहे. दहा तासांत प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता जाईल. एक किलो पाणी गोठताना सुमारे ३.३४ लाख ज्यूल अप्रकट उष्मा बाहेर पडतो. म्हणजे एका रात्रीत सुमारे साडेसात किलो पाणी गोठेल! हे पाणी हिमकणांच्या फटींत असते. ते गोठले की कण एकमेकांना सांधले जातात आणि वर टणक कवच तयार होते. आम्ही त्या कवचावरून चालत होतो.

नऊ वाजेपर्यंत मजेत चाललो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परतवतो. जुना, ओला बर्फ मात्र जेमतेम निम्मा. म्हणून वितळायला एकदा सुरुवात झाली, की वितळण्याचा वेग वाढतच जातो. दहाला पाऊल घोट्यापर्यंत रुतू लागले, पावणेअकराला गुडघ्यापर्यंत. कणांमधले सांधे सुटले होते आणि पाणी आता वंगणाचे काम करू लागले होते.

अकरा वाजले. शिखर समोर, फार तर दीडशे मीटर वर. वाटाड्या थांबला. आमच्यातला एक मित्र हट्टाला पेटला. "अरे, इतक्या लांब येऊन अर्ध्या तासासाठी परत फिरायचे?" तो माझ्याकडे पाहू लागला. खरे सांगतो, माझेही मन वरच ओढत होते. मी हातातली काठी बर्फात खुपसली. पहाटे जी बोटभरही शिरत नव्हती, ती मुठीपर्यंत आत गेली. मी म्हणालो, "फिरू या." तो रागावला, पण आला.

उतरताना तासाभराने मागे घरघर ऐकू आली. शिखराखालच्या उतारावरून ओल्या बर्फाचा एक पट्टा सावकाश, पण न थांबता खाली सरकत होता. आमच्या पावलांची रांग त्याच्या कडेपाशी संपत होती. मित्र काही बोलला नाही. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालू लागला.

तुम्हांला यातला एक भाग घरीही पाहता येईल. बर्फाचे दोन सारखे खडे दोन बशांत ठेवून उन्हात मांडा. एकावर कोळशाची पूड भुरभुरवा. दहा मिनिटांनी कोणत्या बशीत पाणी जास्त जमले ते मोजा आणि कारण लिहा.

आणि एक प्रश्न. आदल्या रात्री आकाश ढगांनी भरलेले असते, तर पहाटे तीनला निघूनही आम्हांला कठीण बर्फ मिळाला असता का? विचार करा आणि वर्गात गुरुजींशी बोला.