व्यवसाय-परवाना व भाषणस्वातंत्र्य

वैद्यकी, वकिली यांसारख्या व्यवसायांसाठी ठराविक अर्हता व अधिकृत नोंदणी आवश्यक ठरविणारे कायदे आणि नागरिकांचा भाषणस्वातंत्र्याचा हक्क यांतील परस्परसंबंधाचा प्रश्न. अपात्र व्यक्तींकडून होणाऱ्या हानीपासून जनतेचे रक्षण करणे, हा परवाना-कायद्यांचा हेतू होय. तथापि निदान सांगणे, कायदेविषयक सल्ला देणे, गुंतवणुकीसंबंधी मार्गदर्शन करणे इ. कामे मुख्यतः शब्दांनीच होतात. त्यामुळे परवान्याची अट व्यवसायाचे नियमन करते, की बोलण्यापूर्वी शासनाची अनुज्ञा घ्यावयास लावते, असा वाद उद्भवतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा विशेष ऊहापोह झाला आहे. टेक्सस राज्याच्या १९४३ च्या कायद्यान्वये कामगार-संघटकांना सभासद मिळविण्यापूर्वी नोंदणीपत्र घेणे भाग होते. मोटार-कामगार संघटनेचे अध्यक्ष आर. जे. टॉमस यांनी ते न घेता, न्यायालयाचा मनाईहुकूम असतानाही, तेलकामगारांच्या सभेत संघटनेत येण्याचे आवाहन केले. त्याबद्दल त्यांना झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्ये रद्द केली. परवान्यावाचून वैद्यकी करण्यास राज्य मनाई करू शकते. परंतु एखाद्या वैद्यकपद्धतीचा पुरस्कार वा धिक्कार करणाऱ्या भाषणास नव्हे, असे न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी आपल्या सहमतिदर्शक मतात म्हटले. १९८५ च्या लो खटल्यात न्या. बायरन व्हाइट यांनी हा भेद अधिक स्पष्ट केला. विशिष्ट ग्राहकाची परिस्थिती ध्यानात घेऊन त्याला दिलेला सल्ला हा व्यवसायाचा भाग होय. सर्वांसाठी प्रसिद्ध केलेले वार्तापत्र हे मात्र भाषणच ठरते. व्यावसायिकांचे भाषण हा कमी संरक्षणाचा स्वतंत्र वर्ग मानण्यास त्या न्यायालयाने २०१८ मध्ये नकार दिला. मात्र व्यावसायिक वर्तनाच्या नियमनातून भाषणावर येणारे आनुषंगिक बंधन त्याने मान्य केले.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये भाषणस्वातंत्र्य व व्यवसायस्वातंत्र्य हे दोन निराळे हक्क आहेत. खंड (६) अन्वये व्यवसायासाठी अर्हता ठरविता येते, तसेच जनहितार्थ वाजवी निर्बंध घालता येतात. भाषणावरील निर्बंधांची कारणे सांगणाऱ्या खंड (२) मध्ये मात्र सर्वसाधारण जनहिताचा समावेश नाही. वृत्तपत्रांची किंमत व पृष्ठसंख्या यांची सांगड घालणाऱ्या कायद्याविरुद्ध पुण्याच्या सकाळ वृत्तपत्राने दाद मागितली, तेव्हा व्यापाराच्या नियमनाच्या नावाखाली भाषणस्वातंत्र्याचा संकोच करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. व्यापारी जाहिरातीसही भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचे त्याने १९९५ मध्ये टाटा प्रेस खटल्यात मान्य केले. वकिलांना जाहिरातीस मनाई करणारा भारतीय वकील परिषदेचा नियम २००८ मध्ये काहीसा शिथिल होऊन, विहित माहिती संकेतस्थळावर देण्याची मुभा त्यांना मिळाली.

परवाना हा ग्राहकाचा विश्वास सार्थ ठरावा यासाठी असतो. सार्वजनिक चर्चेत भाग घेण्याची ती पूर्वअट झाल्यास व्यवसायावर टीका करण्याचा अधिकार व्यावसायिकांपुरताच उरेल. म्हणूनच व्यक्तिगत सल्ला व सार्वजनिक मतप्रदर्शन यांतील भेद महत्त्वाचा ठरतो.