हवेच्या पोटातले पाणी

ओले धोतर पिळले की पाणी निघते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण हवा पिळली तरी पाणी निघते असे कोणी म्हणाले, तर ऐकणारा त्याच्या तोंडाकडे पाहतच राहील. तरीही ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. मोटारीच्या चाकांत हवा भरून देणाऱ्या दुकानदाराला विचारा. त्याने टाकीच्या बुडाची तोटी उघडली की फस्‌कन हवा सुटते आणि तिच्याबरोबर गढूळ पाणी बाहेर पडते. टाकीत ते कोणी ओतलेले नसते. ते येते हवेच्याच पोटातून.

हिशेब सोपा आहे. ३० अंश सेंटिग्रेड उष्णता असताना एक घनमीटर जागेत फार तर ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. पावसाळ्यातल्या दमट दिवशी त्यातली २४ ग्रॅम हवेत सहज असते. अशी आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात कोंबली (कारखान्यांत साधारण एवढाच दाब वापरतात) की वाफ जमते १९२ ग्रॅम. दाबताना तापलेली हवा पुन्हा ३० अंशांवर निवली, की त्या जागेत मावणार मात्र ३० ग्रॅमच! उरलेल्या १६२ ग्रॅमचे पाणी होते. मिनिटाला १० घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर आठ तासांच्या एका पाळीत शंभराहून अधिक लिटर पाणी अशा रीतीने गिळतो.

आता हे पाणी काय उत्पात करील ते पाहा. नळ्या गंजतात. फवाऱ्याने रंग देताना एखादा थेंब आला, तर रंगाला फोड येतात. इचलकरंजीला एअरजेट मागांवर धोट्याऐवजी हवेचा झोत आडवा धागा फेकतो. तेथे गंजाचे पाणी आले तर कापडावर डाग पडतो, आणि डागाळलेल्या कापडाला पुरता भाव कोण देणार?

या पाण्याशी माणसाने दिलेली झुंज आणि कृत्रिम थंडीचा शोध, या दोन्ही कथा एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

डॉक्टरचे बर्फ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईतले धनिक जे बर्फ खात, ते अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजाने येई. तिथल्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेले बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, ते अर्ध्या जगाला वळसा घालून येथे पोचे. फ्लोरिडातल्या अपालाचिकोला या बंदरातही उत्तरेकडचे असेच बर्फ येत असे, आणि तेही कधी येई, कधी न येई. तेथे जॉन गॉरी नावाचे डॉक्टर होते. हिवतापाने तळमळणाऱ्या रोग्यांच्या खोल्या गार ठेवल्या तर त्यांना उतार पडेल, अशी त्यांची समजूत होती. हिवताप डासांमुळे होतो, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

सायकलचा पंप मारताना त्याचे बूड तापते. हवा दाबली की तापते, आणि दाबलेली हवा फुगू दिली की निवते. गॉरींनी हाच गुण हेरला. हवा दाबायची, पाण्याने तिची उष्णता काढून घ्यायची, मग तिला फुगू द्यायचे. त्यांच्या यंत्राने बर्फ केले! १८५१ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. परंतु भांडवल मिळाले नाही, वर्तमानपत्रांनी टिंगल केली, आणि १८५५ मध्ये हा माणूस निराश होऊन वारला. पुढे अमेरिकेच्या संसदभवनात त्यांचा पुतळा उभा राहिला; पण पुतळ्याला कसले आले सुख?

कप्तानाचे धाडस

गॉरींची कल्पना मात्र मेली नाही. स्कॉटलंडच्या बेल बंधूंनी आणि कोलमन या रसायनशास्त्रज्ञाने हवेवरच चालणारे शीतयंत्र बनवले. येथे पाणी आडवे आले. फुगताना हवा इतकी थंड होई की तिच्यातल्या वाफेचा भुसभुशीत बर्फ होऊन वाटा बुजत. तेव्हा हवा फुगवण्याआधीच ती थंड नळ्यांतून फिरवून तिचे पाणी काढून घेण्याची युक्ती कोलमनने योजली.

हे यंत्र बसवलेले 'डनेडिन' हे शिडाचे जहाज १५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडहून सुमारे पाच हजार गोठवलेली मेंढरे घेऊन लंडनला निघाले. उष्ण कटिबंधात गार हवा कोठीत नीट खेळेना. कप्तान व्हिटसन स्वतः आत सरपटत गेले आणि त्यांनी हवेची वाट मोकळी केली. परंतु थंडीने ते तेथेच बधिर झाले. मग पायाला दोर बांधून त्यांना बाहेर ओढावे लागले! ९८ दिवसांनी जहाज लंडनला पोचले, तेव्हा माल उत्तम होता. न्यूझीलंडच्या शेतकऱ्याचे नशीब त्या सफरीने पालटले.

भट्टी आणि छापखाना

१९०४ मध्ये पिट्सबर्गजवळ जेम्स गेली या अभियंत्याने लोखंडाच्या भट्टीला देण्याची हवा आधी अमोनियाच्या शीतयंत्राने गार करून कोरडी केली. कोळसा सुमारे एक पंचमांश कमी लागला आणि लोखंड मात्र सव्वापट निघाले! भट्टीत हवेबरोबर शिरणारे पाणी इतकी वर्षे फुकट कोळसा खात होते.

त्याआधी दोनच वर्षे ब्रुकलिनच्या एका छापखान्यात निराळीच अडचण होती. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आखडे. त्यामुळे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसेना. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिची आर्द्रता ताब्यात आणली. आज ज्याला आपण चैनीची वस्तू समजतो, त्या वातानुकूलनाचा जन्म असा कागदासाठी झाला. दिवाळी अंकांतली रंगीत चित्रे पाहताना याची आठवण ठेवायला हरकत नाही.

आजचे कोरडे यंत्र

आज कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी एक पेटी असते, तिला ड्रायर म्हणतात. आत येणारी गरम हवा आधी बाहेर जाणाऱ्या गार हवेला भेटते. येणारी थोडी निवते, जाणारी थोडी उबदार होते. त्यामुळे वीज वाचते आणि पुढच्या नळ्यांना घामही सुटत नाही. मग शीतयंत्र हवेला सुमारे ३ अंशांपर्यंत उतरवते. तेथे एका घनमीटरात जेमतेम ६ ग्रॅम वाफ मावते. बाकीचे पाणी खाली निथळते. ३ अंशच का? कारण शून्याखाली गेले तर पाण्याचे बर्फ होऊन हवेची वाट बंद व्हायची!

याहून कोरडी हवा हवी असेल तर पाणी शोषणारे दाणे भरलेली दोन नळकांडी लागतात. एक हवा वाळवते, तोवर दुसरे स्वतः वाळते. मग पाळी बदलते. असल्या दाण्यांपैकी सिलिका जेल हे अमेरिकेतल्या वॉल्टर पॅट्रिक यांनी १९१९ मध्ये पेटंट केले. औषधाच्या बाटलीत जी 'खाऊ नका' असे छापलेली पुडी मिळते, तिच्यातही बहुधा हेच असते.

तरीही खरी मेख यंत्रात नाही, माणसाच्या सवयीत आहे. ड्रायर महागातला असो. पण त्यातले पाणी बाहेर जाण्याची वाट तुंबली, तर तेच पाणी पुन्हा हवेबरोबर पुढे निघते आणि सगळा खर्च वाया जातो. ज्याला ड्रायर परवडत नाही, अशा लहान कारखानदारानेही एवढे करावे: टाकीच्या बुडाची तोटी रोज नेमाने उघडावी. बिनपैशाचे काम आहे, आणि हवा जे पाणी गुपचूप घेऊन येते ते तिथल्या तिथे उघडे पडते.