दोन हजार क्लॅश शोधले, तरी बिल अर्धंच का पास झालं?

परवाच्या व्हिडिओत आपण बिल्डिंगच्या थ्रीडी मॉडेलवर को-ऑर्डिनेशनचं काम घरबसल्या कसं घेता येतं ते पाहिलं. आज त्यातली मेख सांगतो.

माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाला असं पहिलं काम मिळालं. त्यानं स्ट्रक्चर, एसी, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल अशी सगळी मॉडेल्स नेव्हिसवर्क्समध्ये एकत्र आणली, सगळ्यांची सगळ्यांशी टेस्ट लावली आणि दोन हजार क्लॅशचा रिपोर्ट पाठवून दिला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "अरे, हे तर सॉफ्टवेअरनं केलं. तू काय केलंस?"

झोंबलं त्याला. पण प्रश्न बरोबर होता.

मुरलेला माणूस तेच मॉडेल उघडतो आणि आधी बघतो, यातलं काय हलूच शकत नाही? ड्रेनेजचा पाइप. त्याला उतार लागतो. १०० ला १ धरला तरी १२ मीटरमध्ये तो १२ सेंटिमीटर खाली येतो. मध्येच वर उचलला तर पाणी तुंबणार. म्हणून जागा पहिली त्याला, मग एसीच्या मोठ्या डक्टला. केबल ट्रे आणि प्रेशरचे बारीक पाइप वळवता येतात, ते शेवटी. कॉरिडॉरमधला एकच डक्ट थोडा खाली घेतला की त्याच्यामुळे आलेले कितीतरी क्लॅश एका फटक्यात जातात. मात्र फॉल्स सीलिंगची उंची तपासूनच हं! आणि बीमला भोक पाडायचं तर स्ट्रक्चरल कन्सल्टंटला विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

नवखा स्लीव्हमधून जाणारा पाइपही क्लॅश म्हणून मोजतो. उलट व्हॉल्व्हपर्यंत हात पोचतो का, मॉडेलमध्ये न काढलेलं डक्टचं इन्सुलेशन बसेल का, हे त्याच्या लक्षातच येत नाही. तिथे काही एकमेकांना टेकत नाही ना, मग साधी टेस्ट गप्प बसते. क्लिअरन्सची टेस्ट असते, पण किती जागा सोडायची ते तुम्हालाच भरावं लागतं.

आता कोटेशन. क्लॅशच्या संख्येवर रेट कधीच लावू नका; चौरस फुटांवर लावा. सुधारणेचे किती राउंड देणार ते लिहा. आणि एक ओळ विसरू नका: एखाद्या कन्सल्टंटचं मॉडेल उशिरा आलं, तर तुमची तारीख तेवढीच पुढे जाईल. त्या मुलाच्या कोटेशनमध्ये यातलं काहीच नव्हतं.