चाकांवरच्या घरात वीज कुठून आणायची?

पानशेत धरणाच्या पायथ्याशी 8 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, शेजारच्या वरसगावलाही तेवढंच. तिथली वीज तारांवरून निघून जाते. पानशेतच्याच तानाजीसागर जलाशयाच्या काठी शनिवारी संध्याकाळी येऊन उभ्या राहणाऱ्या, आतल्या सीटा काढून पलंग, ओटा आणि फ्रिज बसवलेल्या ट्रॅव्हलर गाडीला मात्र त्यातला एक वॅटही मिळत नाही. तिची शिदोरी तिनेच बांधून आणायची.

अशा गाड्या अलीकडे वाढल्या आहेत. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि डोणजे-खानापूर मार्गे दीड तासात गाठता येणारं पानशेत पुणेकरांना हाताशीच आहे. गाडी बांधायला काढणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो असा: सोलर लावू, की जनरेटर घेऊ? हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. पहिला प्रश्न, वीज लागणार किती?

चौघांच्या कुटुंबाचा एका दिवसाचा हिशेब मांडू. 30 वॅटचा बीएलडीसी पंखा 10 तास चालला तर 300 वॅट-तास. एलईडी दिवे 20 वॅटचे, 5 तास, म्हणजे 100. गाडीसाठी मिळणारा 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज सतत चालत नाही, चालू-बंद होत दिवसाला 450 च्या आसपास घेतो. मोबाइल सगळ्यांचे मिळून 60, लॅपटॉप तीन तास 180, पाण्याचा पंप 30. बेरीज 1,120 वॅट-तास, म्हणजे सव्वा युनिटाहूनही कमी. महावितरणच्या बिलात हा आकडा डोळ्यांत भरणारही नाही. दोन दिवसांच्या मुक्कामाला सव्वादोन युनिटं झाली.

आता यात इंडक्शन शेगडी घाला. 2,000 वॅट. सकाळचा चहा, पोहे, दुपारचा भात-आमटी, रात्रीची खिचडी धरली तर रोजचं दीड-दोन युनिट तिथेच जातं. एक टनाचा एसी धावताना किलोवॅटभर ओढतो. रात्रभर निम्माच वेळ चालला तरी चार युनिटं गेली. गिझर तर बोलायलाच नको. सगळं गणित इथेच बिघडतं. जे यंत्र तापवतं किंवा गार करतं, ते बॅटरी खातं. बाकीची यंत्रं नुसती चाखतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: स्वयंपाक गॅसवर करा. किलोभर एलपीजीत पावणेतेरा युनिटांइतकी उष्णता असते. पाच किलोच्या लहान सिलिंडरमध्ये झाली 60 च्या वर. शेगडीवर बरीचशी वाया जाते हे धरलं तरी 30-35 युनिटं भांड्यापर्यंत पोहोचतात. तेवढी वीज साठवणारी बॅटरी ट्रॅव्हलरमध्ये मावेल, पण मग माणसं बाहेर झोपतील. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, बाहेर उघडणारी जाळी हवीच. आणि एसी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी पानशेतला रात्री पांघरूण लागतं. एप्रिल-मेच्या चार रात्रींसाठी सगळी गाडी एसीभोवती बांधायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी बांधणार नाही.

बॅटरी दोन तऱ्हांची. घरच्या इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त असते, ओळखीच्या दुकानात मिळते. पण 50-60 किलो भरते, आणि निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर मरते. म्हणजे 1,800 वॅट-तासांतले हाती 900. वर ॲसिडचं पाणी, घाटाची वळणं आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन. पलंगाखाली, बंद खोक्यात ती ठेवणं हा मूर्खपणा आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची 200 अँपिअर-तासांची बॅटरी 25 किलोच्या आत बसते, 12.8 व्होल्टने 2,560 वॅट-तास साठवते आणि त्यातले नव्वद टक्के निर्धास्त वापरता येतात. 2,300 झाले. वरचा दोन दिवसांचा खर्च पाहा, जुळतो. घेताना खिसा जाणवतो, पण वजन, जागा आणि आयुष्य धरून हिशेब केला तर तीच परवडते. जुन्या ई-रिक्षांचे सेल जोडून स्वस्तात पॅक करून देणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

या बॅटरीचा इंजिनाच्या बॅटरीशी संसार वेगळाच हवा. नाहीतर रात्री फ्रिज चालतो आणि रविवारी सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. शिरकोली गावाच्या पुढे कुठेतरी उभं असताना धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

भरायची कशी? सगळ्यात कमी कौतुक होतं ते गाडीच्या अल्टरनेटरचं, ज्याला आपले मेकॅनिक अजून डायनमोच म्हणतात. इंजिन चालूच आहे, तर त्यातून 30 अँपिअर घ्यावेत. पुणे ते पानशेत दीड तासात 45 अँपिअर-तास, म्हणजे 580 वॅट-तास, अर्ध्या दिवसाची बेगमी वाटेतच होते. पूर्वी यासाठी नुसता रिले चालायचा. बीएस-6 गाड्यांचे अल्टरनेटर डिझेल वाचवायला स्वतःचा व्होल्टेज खालीवर करतात, त्यामुळे लिथियमची बॅटरी कधी अर्धवट भरते, तर कधी अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की तो तापतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतोच. मात्र उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरणं म्हणजे तासाला लिटरच्या आसपास डिझेल जाळून 400 वॅट-तास मिळवणं. वर शेजारच्या तंबूतल्यांच्या शिव्या फुकट.

सोलरवर लोकांचा जीव आहे, आणि तो अस्थानी नाही. पुण्यात 2016 पासून जुन्या बसगाड्यांची महिलांसाठी 'ती' नावाची स्वच्छतागृहं झाली. त्यांच्या टपावरही सौर पॅनेल होती. बसचं टप मोठं, रिकामं आणि दिवसभर उन्हात. पण पानशेतचं ऊन बाराही महिने सारखं नसतं. टपावर आडवं बसवलेलं 300 वॅटचं पॅनेल डिसेंबरच्या स्वच्छ दिवशी सुमारे एक युनिट देतं, एप्रिलमध्ये सव्वा ते दीड. जुलैत, ढग डोंगरावर टेकलेले असताना, पाव-अर्धं युनिट मिळालं तरी पुष्कळ. आणि पानशेतला जाणारे बहुतेक जण जातात ते नेमके पावसाळ्यात! दुसरी अडचण सावलीची. माणसाला झाडाखाली उभं राहायचं असतं, पॅनेलला नाही. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन सावलीच्या मानाने खूपच जास्त घटतं. एखादं सुटं पॅनेल लांब केबलने उन्हात मांडता आलं तर हा प्रश्न सुटतो. पॅनेल आणि बॅटरीमधला चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच घ्यावा.

पावसाळ्यात खरा आधार होम-स्टेच्या प्लगचा. 12 व्होल्ट, 30 अँपिअरचा चार्जर भिंतीतून साडेचारशे-पाचशे वॅट घेतो आणि रिकामी 200 अँपिअर-तासांची बॅटरी सात तासांत भरतो. मालकाला आधी विचारून, विजेचे पैसे ठरवून घ्यावेत. गावाकडे व्होल्टेज पडतो, लाइट जाते, त्यामुळे 170-180 व्होल्टवरही चालणारा चार्जर पाहावा. अर्थिंगचा भरवसा धरू नये. पत्र्याच्या गाडीत ओल्या पायांनी चढणाऱ्यासाठी करंट गळताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही चैन नव्हे. 230 व्होल्ट चार्जरपर्यंतच येऊ द्यावेत आणि आतलं सगळं 12 व्होल्टवर चालवावं, हे उत्तम. ओळखीच्या शेतकऱ्याच्या पंपाच्या पेटीतून वायर ओढायचा मोह टाळा. शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 नुसार अनधिकृत वापर ठरतो, आणि दंडाचं बिल त्या शेतकऱ्याच्या नावाने येतं.

जनरेटरबद्दल थोडक्यात: नको. तलावाच्या काठी त्याचा आवाज दूरवर जातो, पेट्रोलचा कॅन झोपायच्या जागेत येतो, आणि त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार-खिडक्यांजवळ लावलेला जनरेटरही झोपेत जीव घेऊ शकतो.

उरली वायर, आणि खरं काम इथेच बिघडतं. घरच्या वायरिंगची सवय झालेला इलेक्ट्रिशियन इंजिनापासून मागच्या बॅटरीपर्यंत 6 चौरस मिलिमीटरची वायर टाकून मोकळा होतो. अंतर 5 मीटर, जाऊन-येऊन 10. या तांब्याच्या वायरीत 30 अँपिअर वाहिले की वाटेतच 0.9 व्होल्ट पडतात. 230 मधून 0.9 गेले तर कुणाला कळत नाही. 14 मधून गेले तर ते जाणवतात. तीच वायर 16 चौरस मिलिमीटरची घेतली तर घट 0.35 व्होल्टच्या आत येते. 'फ्युज कशाला, वायर जाड आहे ना?' हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. फ्युज उपकरणाला नव्हे, वायरीला वाचवतो, आणि तो बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा. लिथियमची बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारावर अँपिअर सोडते. वायरीच्या टोकाचे लग पकडीने दाबू नयेत, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्यावेत. सैल जोड घाटातल्या हादऱ्यांनी तापतो आणि आधी प्लास्टिकचा वास येतो. जुनी मोठी बस असेल तर तिची मूळ यंत्रणा 24 व्होल्टची असते. तिथे तेवढ्याच वॅटला निम्मा करंट, म्हणून वायरही बारीक चालते. मात्र सामान 24 चंच घ्यावं लागतं.

कागदपत्रांचंही पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे आणि वाहनांच्या नोंदणीत 'कॅम्पर व्हॅन' असा वेगळा वर्गही आहे. आरटीओकडे नोंद न करता बदललेल्या गाडीला आग लागली, तर विम्याच्या दाव्यावर पाणी सोडावं लागू शकतं.

तेव्हा पानशेतला दोन रात्री राहणाऱ्या कुटुंबासाठी माझी निवड अशी: 200 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, 30 अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, भिंतीच्या प्लगसाठी तेवढ्याच ताकदीचा चार्जर, टपावर 300 वॅटचं पॅनेल आणि स्वयंपाकाला गॅस. पैसे कमी पडत असतील तर पॅनेल पुढच्या दिवाळीला घ्या; फ्युज आणि जाड वायर मात्र याच दिवाळीला.