अंगावर चढविण्याचा यंत्रसांगाडा : उपयोग आणि मर्यादा

खेकड्याच्या अंगात हाडे नसतात. त्याच्या देहास आकार व आधार देणारे जे काही असते ते बाहेरून, कवचाच्या रूपाने असते. प्राणिशास्त्रात त्यास बाह्यकंकाल म्हणतात. मनुष्याचा सांगाडा याच्या उलट, मांसाच्या आत असतो. मनुष्याच्या अंगावर बाहेरून आणखी एक सांगाडा चढवून त्याच्या पाठीस व हातापायांस साहाय्य करण्याचे प्रयत्न अलीकडच्या काळात बरेच पुढे गेले आहेत. अशा साधनासही बाह्यकंकाल हेच नाव मिळाले आहे. चित्रे पाहून हा यंत्रमानवाचाच एखादा प्रकार असावा असा ग्रह होतो. परंतु यंत्रमानव स्वतः काम करतो, येथे मात्र काम करणारा माणूसच असतो. यंत्राचे सांधे त्याच्या सांध्यांशी जुळवून पट्ट्यांनी बांधलेले असतात आणि यंत्र त्याच्यासोबत हालते.

ही कल्पना नवी नाही. चालणे व धावणे सुलभ करणाऱ्या, धनुष्याकृती कमानींच्या एका साधनाचे एकस्व निकोलस यागिन या रशियन गृहस्थाने १८९० साली अमेरिकेत घेतले होते. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या सांगाड्याचा पहिला मोठा प्रयोग मात्र अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६५ साली हाती घेतला. ‘हार्डिमन’ नामक या यंत्राने माणसाचे बळ पंचवीस पटींनी वाढावे आणि त्याने सुमारे ६८० किलो वजन उचलावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात यंत्राचेच वजन जवळजवळ तितके झाले. त्याचा एक हात तेवढा नीट चालला. सर्व अवयव एकदम चालविताच यंत्राला अनावर झटके येऊ लागले, तेव्हा आत माणूस बसविण्याचे धाडस कोणी केले नाही. १९७१ च्या सुमारास ते काम थांबले. बळ वाढविणे सोपे असून ते बळ माणसाच्या इच्छेप्रमाणे आवरणे कठीण आहे, हा त्यातील धडा पुढील संशोधकांच्या उपयोगी पडला.

अशा साधनाची गरज का भासते, हे पाठीच्या कण्याचा विचार केल्यास चांगले समजते. वाकून २० किलोचे ओझे उचलताना ते कमरेच्या मणक्यापासून साधारण ४० सेंटिमीटर पुढे असते. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्यापासून अवघे ५ सेंटिमीटर मागे असतात. पहारीने दगड उलथविणाऱ्यास हा हिशेब सांगावयास नको : लांब टोक ओझ्याकडे आणि आखूड टोक स्नायूंकडे. म्हणजे २० किलोसाठी स्नायूंना आठपट, १६० किलोचा ओढा द्यावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन तोलावे लागते ते निराळेच. ५० किलोची गोणी असल्यास हाच ओढा ४०० किलोंवर जातो आणि हा सर्व दाब मणक्यांमधील मऊ चकत्यांवर येतो. हमालांची, गवंड्याच्या हाताखालील मजुरांची आणि रुग्णाला उचलून कुशीवर वळविणाऱ्या परिचारिकांची कंबर अकाली का धरते, हे यावरून ध्यानी येईल.

या दुखण्यावर जी साधने निघाली आहेत त्यांतील पुष्कळशी वीज किंवा मोटर न वापरणारी आहेत. जपानमधील ‘मसल सूट’ हे त्यांचे चांगले उदाहरण होय. टोकियो विज्ञान विद्यापीठातील प्राध्यापक हिरोशी कोबायाशी यांच्या संशोधनातून ते तयार झाले. २०१९ साली बाजारात आलेल्या त्याच्या नमुन्याचे वजन ३.८ किलो असून ते दप्तराप्रमाणे पाठीवर चढवितात व त्याचे खालचे टोक मांड्यांवर टेकते. त्यातील ‘स्नायू’ म्हणजे विणलेल्या जाळीत घातलेली रबरी नळी. हातपंपाने हवा भरली की नळी फुगते. जाळी मात्र ताणली न जाता आडवी रुंदावते, म्हणून नळी आखूड होऊन ओढ निर्माण करते. वाकलेल्या माणसाचे धड वर उचलण्यास हीच ओढ साहाय्य करते. अशा नळीला मॅक्किबेन स्नायू म्हणतात. जोसेफ मॅक्किबेन हे अमेरिकेतील अणुशास्त्रज्ञ. पोलिओने लुळ्या पडलेल्या आपल्या मुलीच्या हाताला चलनवलन मिळावे म्हणून त्यांनी १९५० नंतरच्या दशकात ती घडविली होती. एका बापाची ही खटपट आज शेतात व वृद्धांच्या शुश्रूषागृहांत मजुरांच्या कामी येत आहे.

हात वर करून काम करणाऱ्यांसाठीही अशीच बंडी निघाली आहे. मोटारीच्या तळाला खालून पेच बसविणाऱ्या कामगारास दिवसातून काही हजार वेळा हात उचलावा लागतो. फोर्ड कंपनीने २०१८ साली आपल्या १५ कारखान्यांत अशा ७५ बंड्या दिल्या. त्यांतील स्प्रिंगा हाताचा भार खांद्यावरून काढून कमरेवर सोडतात.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. भार नाहीसा होत नाही, तो फक्त दुसरीकडे जातो. पाठीवरचा मांड्यांवर व छातीवर जातो, खांद्यावरचा कमरेवर जातो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१६ साली तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा अशा साधनांनी पाठीच्या स्नायूंचे श्रम १० ते ४० टक्के कमी होत असल्याचे आढळले. हे प्रयोग बहुतांशी प्रयोगशाळेत, थोड्या वेळापुरते झालेले होते. उन्हात, घामाने भिजलेल्या अंगावर दिवसभर पट्टे आवळून काम करणे ही वेगळी बाब होय. शिवाय साधन दिले म्हणून गोणीचे वजन वाढविले, तर मजुराच्या पदरात काहीच पडणार नाही.

दुसरा उपयोग याहून अवघड आहे. अपघातात मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे कमरेखालचे अंग लुळे पडते. तेथे साहाय्य करावे असे बळच उरलेले नसते. पाऊल यंत्रानेच टाकावे लागते. पोलिओ झालेल्या मुलांच्या पायांस लोखंडी पट्ट्यांची कॅलिपर लावलेली जुन्या शिक्षकांनी पाहिली असेल. कॅलिपर गुडघा ताठ धरते, पण वाकवीत नाही. गुडघा व खुबा यांच्या ठिकाणी मोटर बसवून ते वाकविण्याची सोय केली की कॅलिपरचा यंत्रसांगाडा होतो. बेलग्रेड येथील मिहाइलो पुपिन संस्थेत मिओमिर वुकोब्रातोविच यांनी १९७० च्या सुमारास या दिशेने पहिली महत्त्वाची पावले टाकली. दोन पायांवरील यंत्राने तोल कसा सांभाळावा, याविषयीचे त्यांचे गणित पुढे यंत्रमानवांच्या चालीसाठीही आधारभूत ठरले. जपानमध्ये योशियुकी सांकाई यांनी तयार केलेले ‘हॅल’ हे यंत्र निराळ्या रीतीने चालते. मेंदूने स्नायूला दिलेल्या आज्ञेची सूक्ष्म विद्युत्‌ खूण कातडीवरून टिपून ते मोटर चालविते. म्हणून ज्यांच्या स्नायूंत थोडी तरी आज्ञा पोहोचते, त्यांच्या उपचारासाठी ते वापरतात. स्नायूंच्या व मज्जातंतूंच्या काही दुर्धर विकारांवरील उपचारासाठी त्यास जपानी शासनाने २०१५ साली मान्यता दिली.

पूर्णतः लुळ्या पायांसाठी ‘रीवॉक’ हे यंत्र इस्राएलचे अभियंते अमित गोफर यांनी तयार केले. १९९७ मधील अपघाताने त्यांचे स्वतःचे चारही अवयव निकामी झाले होते. या यंत्रात कुबड्यांचा आधार घेऊन धड पुढे झुकविले की सेन्सरला ते कळते आणि एक पाऊल पडते. कुबड्या धरण्यास हात धड हवेत, त्यामुळे खुद्द गोफर यांना आपले यंत्र वापरता आले नाही. इंग्लंडच्या क्लेअर लोमस यांनी २०१२ साली त्याच्या साहाय्याने लंडनची ४२ किलोमीटरची मॅरेथॉन चालून पूर्ण केली. त्यांना सोळा दिवस लागले. २०१४ साली अमेरिकेने घरी वापरण्यास त्याला परवानगी दिली, तीही सोबत प्रशिक्षित मदतनीस असावा या अटीवर. २० किलोहून जड असे हे यंत्र सपाट जमिनीवर हळूहळू चालते. शेताचा बांध वा चिखलाची पाऊलवाट यांसाठी ते नाही, आणि रोजच्या हिंडण्याफिरण्यास चाकाची खुर्चीच अधिक सोयीची, हे वापरणारेही मान्य करतात. तथापि वर्षानुवर्षे बसून असलेल्या माणसास उभे राहून घरच्या मंडळींशी समोरासमोर बोलता येते, याचे मोल चालीच्या वेगावरून ठरविता येणार नाही.

पैशांतील मोल मात्र फार आहे. अशा यंत्रासाठी अमेरिकेच्या शासकीय विमा योजनेने २०२४ साली ठरविलेला दर सुमारे ९१,००० डॉलर होता. आणि खरेदीने प्रश्न संपत नाही. कॅलिपरचा पट्टा तुटला तर गावचा चांभार शिवून देतो, पट्टी वाकली तर लोहार सरळ करतो. २०२४ सालीच अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीत जायबंदी झालेल्या एका माजी स्वाराचे यंत्र बंद पडले. दहा वर्षांत तो त्यावर साडेतीन लाखांहून अधिक पावले चालला होता. बिघाड होता तो यंत्र चालविणाऱ्या मनगटी घड्याळाच्या बॅटरीपाशी, एका बारीक तारेचा. यंत्र पाच वर्षांहून जुने असल्याने दुरुस्त करता येणार नाही, असे निर्मात्यांनी कळविले. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर ते दुरुस्त झाले. तोवर दोन महिने तो खुर्चीतच होता.