नापास विद्यार्थ्याचे पाचारण



दहावीचा निकाल लागला की धर्मग्रामाच्या कार्यालयात दोन प्रकारचे पालक येतात. काही पेढ्यांचा पुडा घेऊन येतात, तर काही दार हळूच लोटून घेतात आणि दबक्या आवाजात बोलू लागतात. काही वर्षांपूर्वी असेच एक वडील आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला होता. वडील म्हणाले, ‘‘फादर, ह्याचं आता काय व्हायचं? ह्याला काहीच येत नाही.’’ मुलगा मान खाली घालून बसला होता. आम्ही त्याला विचारले, ‘‘बाळा, तुला काय करायला आवडतं?’’ उत्तर वडिलांनीच दिले, ‘‘काही नाही हो. दिवसभर विहिरीवरचा पंप खोलतो, नाहीतर शेजाऱ्यांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत बसतो.’’

‘काहीच येत नाही’ आणि ‘पंप दुरुस्त करतो’ ही दोन वाक्ये त्या गृहस्थांनी एका दमात उच्चारली. त्यांतील विसंगती मात्र त्यांच्या ध्यानी आली नाही. आपणही अनेकदा असेच बोलतो. म्हणूनच अभ्यासात मागे पडलेल्या माणसाला आयुष्यात समाधानाचे काम कसे गवसू शकते, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मारी व्हियान्नी यांच्या विद्यार्थिदशेकडे पाहू या. त्यांच्या तपश्चर्येविषयी आपण पुष्कळ ऐकतो, परंतु त्यांच्या नापास होण्याविषयी फारसे ऐकत नाही.

वीस वर्षांचा विद्यार्थी

जॉन मारी व्हियान्नी यांचा जन्म 8 मे 1786 रोजी फ्रान्समधील लिओन शहराजवळच्या दार्दिली या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांतीला आरंभ झाला. पुढील काळात राजसत्तेला न जुमानणाऱ्या धर्मगुरूंना लपूनछपून वावरावे लागले. मिस्सा रात्रीच्या अंधारात कोठारांतून होऊ लागल्या. जॉनला प्रथम ख्रिस्तप्रसाद मिळाला तोही एका घरात, खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या उभ्या करून. अशा काळात खेड्यातील मुलांच्या शिक्षणाची काय अवस्था असणार? जॉनचे बालपण मेंढरे राखण्यात आणि शेतीकामात गेले. शाळा त्याला लाभली ती अगदी थोडी.

पुढे धर्मगुरू होण्याची इच्छा धरून तो एक्युली येथील फादर बाले यांच्याकडे शिकू लागला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आसपासचे विद्यार्थी बारा-तेरा वर्षांचे. त्या काळी धर्मगुरूचे सारे शिक्षण लॅटिन भाषेतून होत असे, आणि लॅटिनचे व्याकरण जॉनच्या काही केल्या लक्षात राहत नसे. माथियास लोरास नावाचा बारा वर्षांचा हुशार मुलगा त्याला शिकवू पाहत होता. एके दिवशी तो इतका वैतागला की त्याने वयाने मोठ्या जॉनला सर्वांदेखत मारले. जॉनने गुडघे टेकून उलट त्याचीच क्षमा मागितली. हा माथियास पुढे अमेरिकेतील डुब्यूक धर्मप्रांताचा पहिला बिशप झाला.

यानंतर अडचणींची रांगच लागली. 1809 साली नेपोलियनच्या सैन्यात दाखल होण्याचा हुकूम आला. आजारपण आणि योगायोग यांमुळे जॉनला एका डोंगराळ गावी लपून राहावे लागले. 1810 साली माफी जाहीर झाल्यावरच तो परतला. 1812 साली वेरिएर येथील लहान सेमिनरीत तो तत्त्वज्ञान शिकू लागला, तेथेही त्याचे ज्ञान अत्यंत तोकडे ठरले. 1813 साली लिओनच्या मोठ्या सेमिनरीत प्रवेश मिळाला. मात्र प्राध्यापक काय सांगतात हेच त्याला लॅटिनमधून कळेना. काही महिन्यांतच त्याला घरी पाठविण्यात आले. वय वर्षे सत्तावीस, हाती ना पदवी ना प्रशस्तिपत्र!

अपयशाचे कारण कोठे होते?

येथे क्षणभर थांबून विचार करू या. जॉन व्हियान्नी मंदबुद्धी होते काय? आमच्या मते नव्हते. त्यांच्या अपयशाची कारणे स्पष्ट दिसतात. शिक्षणाचा पाया घालण्याचे वय क्रांतीच्या धामधुमीत निघून गेले, सुरुवात फार उशिरा झाली आणि जे शिकायचे ते परक्या भाषेतून शिकावे लागले. फादर बाले यांनी त्यांना पुन्हा आपल्याकडे घेतले आणि तेच ईशज्ञान फ्रेंच भाषेतून शिकवावयास आरंभ केला. परीक्षकांच्या दालनात लॅटिन प्रश्नांनी गांगरून जाणारा हा विद्यार्थी, परिचित वातावरणात स्वतःच्या भाषेत प्रश्न विचारल्यावर समाधानकारक उत्तरे देऊ लागला. विद्यार्थी तोच होता आणि विषयही तोच होता. बदलली होती ती केवळ शिकविण्याची रीत.

हे वाचताना आम्हांला आमचे सेमिनरीतील पहिले वर्ष आठवते. आम्ही मराठी माध्यमातून शिकून गेलो होतो. तत्त्वज्ञानाचे वर्ग मात्र इंग्रजीतून चालत. गावात हुशार म्हणून ओळखली जाणारी आमच्यातील काही मुले तेथे मागच्या बाकावर गप्प बसू लागली. एक सहाध्यायी तर बॅग भरून निघालाच होता. एका वडीलधाऱ्या फादरांनी त्याला रोज संध्याकाळी अर्धा तास मराठीतून धडा समजावून सांगितला, म्हणून तो टिकला. आज तो उत्तम मेंढपाळ आहे. त्याच्या जागी दुसरा कोणी असता आणि ते फादर नसते तर? हा प्रश्न आम्हांला आजही अस्वस्थ करतो.

अखेर प्रश्न धर्मप्रांताच्या वरिष्ठांकडे गेला. त्यांनी विचारणा केली ती त्याच्या भक्तिभावाविषयी. तो श्रद्धाळू आहे आणि पवित्र जपमाळेची प्रार्थना मनापासून करतो, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी त्याला स्वीकारले. उर्वरित कार्य परमेश्वराच्या कृपेवर सोपविले. 13 ऑगस्ट 1815 रोजी ग्रनोबल येथे जॉन मारी व्हियान्नी यांना गुरुदीक्षा मिळाली. तरीही शंका पूर्णतः मिटली नव्हती. आरंभी काही काळ त्यांना पापनिवेदन ऐकण्याची अनुमती नव्हती. ती मिळाल्यावर त्यांच्यापुढे पापनिवेदनासाठी गुडघे टेकणारी पहिली व्यक्ती होती त्यांचे गुरू, फादर बाले!

परीक्षेने न मोजलेले गुण

1818 साली त्यांची नेमणूक आर्स या गावी झाली. वस्ती जेमतेम दोनशे तीस. कोणाच्या नजरेत भरावे असे त्या गावात काही नव्हते. पुढील एकेचाळीस वर्षांत मात्र फ्रान्सच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे येऊ लागली. अखेरच्या वर्षांत त्यांची संख्या दरसाल हजारोंच्या घरात गेली. लिओनच्या रेल्वेस्थानकावर आर्सला जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र तिकीटखिडकी उघडावी लागली. फादर व्हियान्नी दिवसाचे बारा, कधी सोळा तास पापनिवेदन ऐकत बसत. 4 ऑगस्ट 1859 रोजी त्यांचे निधन झाले. 1925 साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

दुसऱ्याचे दुःख न कंटाळता ऐकून घेणे, माणसाच्या अंतरंगाचा ठाव घेणे, मोजक्या शब्दांत धीर देणे, पहाटेपासून रात्रीपर्यंत एका जागी बसून सेवा करणे, हे गुण लॅटिनच्या प्रश्नपत्रिकेत विचारलेले नव्हते. ज्या कार्यासाठी त्यांची निवड झाली होती, त्यासाठी मात्र नेमके हेच गुण आवश्यक होते. परीक्षा खोटी नव्हती. तिने जे मोजले ते बरोबरच मोजले, परंतु ती सर्व काही मोजत नव्हती. आजच्या गुणपत्रिकेविषयीही एवढेच म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. व्हियान्नी यांनी अभ्यासाचा तिरस्कार कधीच केला नाही. आर्सला आल्यावरही ते रात्री पुस्तके घेऊन बसत आणि प्रवचने मोठ्या कष्टाने लिहून पाठ करीत. 1824 साली त्यांनी गावातील मुलींसाठी मोफत शाळा सुरू केली. ज्याला शिक्षण दुर्लभ झाले होते, त्यालाच शिक्षणाचे मोल अधिक कळले होते.

त्याच काळात वेरिएरच्या सेमिनरीत मार्सेलीन शाँपान्या हा विद्यार्थीही होता. लहानपणी पहिल्याच दिवशी शिक्षकाने एका मुलाला मारलेले पाहून त्याने शाळेकडे पाठ फिरविली होती. पुढे त्यालाही अभ्यास फार जड गेला. याच मार्सेलीनने 1817 साली खेड्यापाड्यांतील मुलांना शिकविण्यासाठी मारिस्ट बंधूंच्या संस्थेची स्थापना केली. 1999 साली त्यालाही संतपद प्राप्त झाले.

सर्वच जण धर्मगुरू होत नाहीत. कॅनडातील संत आंद्रे बेसेट यांना लिहिणे-वाचणेही धड येत नव्हते. लहान वयातच आईवडिलांचे छत्र हरपले, प्रकृती नाजूक राहिली. चांभारकाम, बेकरी, लोहारकाम, कापडगिरणी असे अनेक उद्योग करूनही कोठे जम बसला नाही. 1870 साली होली क्रॉस संघात प्रवेश मिळाल्यावर त्यांच्याकडे माँट्रियल येथील एका महाविद्यालयाच्या द्वारपालाचे काम आले. ते त्यांनी सुमारे चाळीस वर्षे केले. त्या दारात येणाऱ्या प्रत्येक दुःखिताचे त्यांनी ऐकून घेतले. 1937 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी लाखोंचा जनसमुदाय लोटला होता.

आपल्या घरी काय करावे?

संतांच्या कथा ऐकून मन उभारी घेते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्यक्ष काय करावयाचे, हेही ठाऊक हवे.

प्रथम, अपयशाचे कारण शोधावे. मूल बोलण्यात चुणचुणीत आहे, पण वाचताना अडखळते, अक्षरांची उलटापालट करते, आकडे चुकीच्या क्रमाने लिहिते असे वारंवार होत असेल, तर तो आळस नसून अध्ययन अक्षमता असू शकते. अशा मुलांची बुद्धी बहुधा सर्वसामान्य, कधी त्याहूनही अधिक असते. 2007 सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे हा विषय घरोघरी पोहोचला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही या अक्षमतेची नोंद घेतली आहे. मान्यताप्राप्त शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र घेतल्यास, राज्य मंडळाच्या परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी विशेष विभाग आहे. ही तपासणी दहावीच्या तोंडावर न करता लहान वयातच करून घेणे हितावह.

दुसरे, एक दार बंद झाले म्हणून शिक्षण संपत नाही. दहावीच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी पुरवणी परीक्षा असते. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षेला बसता येते. 1989 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून स्वतःच्या गतीने परीक्षा देता येते. तेथे उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात, त्यामुळे पाच वर्षांच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने विषय पुरे करता येतात.

तिसरे, हाताच्या कामाला कमी लेखू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजेच आयटीआयमध्ये, वायरमन, वेल्डर, सुतारकाम यांसारख्या काही व्यवसायांसाठी दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू शकतो. नेमकी अट त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावी. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते व त्या काळात विद्यावेतनही मिळते. आपल्या प्रभूने आपल्या आयुष्यातील बहुतांश वर्षे नासरेथ येथे सुताराच्या घरात घालविली, याचा विसर आपल्याला पडावा, हे नवलच नव्हे काय?

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाला एक ‘फादर बाले’ मिळवून द्यावा. तो शिक्षक असेल, मामा असेल, शेजारचा गवंडी असेल किंवा धर्मग्रामातील एखादी धर्मभगिनी असेल. या मुलात काहीतरी आहे असा विश्वास धरणारी आणि त्याला कळेल अशा भाषेत शिकविणारी एक व्यक्ती पुरेशी असते. आपल्या धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, अनुभवी कारागीर आहेत. आठवड्यातील दोन संध्याकाळी त्यांनी अशा मुलांसाठी दिल्या, तर किती घरांतील अंधार दूर होईल!

पालकांना आमची एक नम्र विनंती आहे. ‘शेजारच्याला बघ’ हे वाक्य निकालाच्या दिवशी उच्चारू नका. त्या दिवशी मुलाला एकटे सोडू नका, त्याच्यासोबत जेवा. निराशेच्या भरात काही मुले टोकाचे पाऊल उचलतात. अशा मुलांची अंत्यविधीची मिस्सा अर्पण करणे हे धर्मगुरूच्या वाट्याला येणारे सर्वांत जड काम आहे. गेलेले वर्ष भरून काढता येते, गेलेले मूल परत आणता येत नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या त्या मुलाने पुढे आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केला. इंग्रजीचा विषय त्याने दुसऱ्या प्रयत्नात सोडविला, गणिताला तिसरा प्रयत्न लागला. आज तो स्वतःची कामे घेतो आणि हाताखाली दोन मुलांना शिकवितो. त्यांतील एक जण नववीतून शाळा सोडलेला आहे. मागच्या सणाच्या आदल्या रात्री चर्चची वीज गेली, तेव्हा तो अकरा वाजता शिडी घेऊन आला. त्याचे वडील खाली उभे राहून बॅटरी धरत होते. जाताना ते आम्हांला म्हणाले, ‘‘फादर, तेव्हा मी तुमच्यासमोर उगाचच बोललो.’’

परमेश्वराने प्रत्येकाला काही ना काही दान दिलेले आहे. ते ओळखण्याची दृष्टी आणि ते फुलेपर्यंत थांबण्याचा धीर तो आपल्या पालकांना, शिक्षकांना आणि आम्हां धर्मगुरूंनाही देवो, हीच प्रार्थना.