आता आईचाही अभ्यास

दिवाळीनंतर चार दिवस लातूरला धाकट्या जावेकडे गेले होते. मैत्रिणींनो, लातूरच्या घरात बारावीचा मुलगा असला म्हणजे काय वातावरण असतं, ते आम्हा नांदेडकरांना वेगळं सांगायला नको. टीव्ही बंद, पाहुण्यांनी हळू बोलायचं, भांडंसुद्धा आपटायचं नाही! पुतण्याचा 'नीट'चा अभ्यास ना! रात्री अकराला तो दिवा मालवून झोपला. मग धाकटीनं ओटा पुसला, दुधाला विरजण लावलं आणि मोबाईल घेऊन स्वयंपाकघरातच पाटावर बसली.

"आता काय गं?" मी विचारलं.

"ट्रेनिंग, ताई. बँकेचं. आज बाराच्या आत संपवायचंय."

ती बँकेत कारकून आहे. आपल्याकडे बँकेच्या नोकरीचं केवढं अप्रूप! मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ साली निघाली, तीही नांदेडला मुख्य कार्यालय ठेवून. स्टेट बँक ऑफ हैदराबादही सर्वांच्या ओळखीची. ती एप्रिल २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पूर्वी प्रशिक्षण म्हटलं की बॅग भरून पुणे, मुंबई, नाहीतर हैदराबाद गाठायचं. पुरुषमंडळी हौसेने जात. बायकांपुढे मात्र प्रश्न उभा राही, मुलांना कोण पाहणार? धाकटीलाही पुण्याचं दहा दिवसांचं बोलावणं आलं, तेव्हा हाच पुतण्या दोन वर्षांचा होता. तिने नाही म्हटलं आणि तिच्या मागून लागलेले पुढे गेले.

आता तेच प्रशिक्षण मोबाईलवर, संगणकावर येतं. ह्याला ई-लर्निंग म्हणतात. स्टेट बँकेने त्यासाठी 'ज्ञानोदय' नावाची सोय केली आहे. दहा-पंधरा मिनिटांचा धडा वाचायचा किंवा पाहायचा, शेवटी प्रश्न सोडवायचे. उत्तरं बरोबर आली की नावावर नोंद होते. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग भरेनासे झाले, तेव्हापासून तर ही पद्धत फारच फोफावली. न कळलेला धडा पुन्हा पाहता येतो, गाव सोडावं लागत नाही. बायकांच्या दृष्टीने सोन्यासारखी सोय!

पण सोय घरात आली आणि घराच्या कामात बुडाली. पुण्याला गेलेल्या माणसाला "जरा चहा टाक" असं कुणी म्हणत नाही. घरात पाटावर बसलेल्या बाईला मात्र सगळे म्हणतात. सासूबाईंना तर वाटे, सूनबाई मोबाईलवर गंमत पाहतेय.

त्या रात्री धाकटीने मला एक गोष्ट सांगितली. मागे फसवणुकीवरचा धडा होता. पोळ्या लाटता लाटता तिने तो नुसता पुढे पुढे ढकलला आणि प्रश्न पुतण्याने सोडवून दिले. चांगले नव्वद टक्के पडले! पुढे महिन्याभरात एक निवृत्त गुरुजी तिच्या खिडकीशी आले. मुदत ठेव मोडून सगळे पैसे एका खात्यावर पाठवायचे होते. हात थरथरत होते, फोन कानाला. हिला काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण विचारावं काय ते सुचेना. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने गुरुजींना बसवलं, पाणी दिलं, फोन बंद करायला लावला. 'पोलीस' म्हणवणारा कुणी तरी त्यांना 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देत होता. आपल्या कायद्यात अशी फोनवरची अटक मुळी नाहीच. पैसे वाचले.

"हेच त्या धड्यात होतं, ताई. मी पाहिलाच नव्हता," धाकटी म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गात मुलांनी एकमेकांची उत्तरं उतरवली की मी रागावते. मग घरच्या आईचा पेपर मुलानं सोडवला तर त्याचं कौतुक कसं करायचं? आणि दोष तरी एकट्या तिचाच का? मुलाच्या परीक्षेसाठी ज्या घराचा टीव्ही बंद होतो, त्या घरात आईच्या अभ्यासाला अर्धा तास शांतता मिळू नये?

दुसऱ्या दिवशी जेवताना मी विषय काढला. भाऊजी आधी हसले, मग गप्प झाले. आता रात्री आठ ते पाऊण तास मायलेक एकाच टेबलावर बसतात. कुकर भाऊजी लावतात. सासूबाई दार उघडतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "सूनबाईचा अभ्यास चालू आहे."

तुमच्या घरातही हा अभ्यास येऊ शकेल. नोकरी नसली तरीसुद्धा! आयुर्विमा महामंडळाची 'विमा सखी' योजना डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, ती दहावी उत्तीर्ण बायकांसाठी. बचत गटातल्या कितीतरी जणी परीक्षा देऊन 'बँक सखी' झाल्या आहेत. तेव्हा माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी:

शेवटच्या तारखेवर धडे ठेवू नका. रोज एक पुरे.

उभ्याने, काम करता करता धडा पाहू नका. शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक धड्यातली दोन वाक्यं आपल्या मराठीत लिहा. इंग्रजी अडलं तर मराठीत धडा मिळतो का ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

प्रश्न स्वतःच सोडवा. पहिल्या खेपेला कमी गुण पडले तर पडू देत.

आणि साहेबांना नम्रपणे सांगा, की हे नोकरीचंच काम आहे, त्याला कचेरीच्या वेळेतला थोडा वेळ मिळावा. चौघी मिळून विचारलंत तर जास्त बरं.

धाकटीने फसवणुकीचा तो धडा पुन्हा, स्वतः केला. गुण पडले ऐंशी. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक तिने वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलाय. तुम्हीही फोनजवळ लिहून ठेवा.